हसलीस, म्हणजे दुखत नाही ना?

फोनवर ताई होती. गोष्ट सांगायची तिची एक ठरलेली तऱ्हा आहे. मुद्द्यावर यायच्या आधी ती चार वळणं घेते, पाचव्या वळणावर तिला स्वतःलाच हसू फुटतं आणि पुढचे शब्द त्या हसण्यात बुडून जातात. ऐकणाऱ्याला गोष्ट धड कळलेली नसते, पण तोही हसत सुटतो. त्या संध्याकाळी तिने आमच्या लहानपणीचं चपलांचं प्रकरण काढलं होतं. घरी आलेल्या पाहुण्यांनी जाऊ नये म्हणून आम्ही दोघींनी त्यांच्या चपला लपवल्या आणि कुठे लपवल्या तेच विसरलो. शेवटी ते बाबांच्या चपला घालून गेले, त्याही एक नंबर लहान. मी पलंगावर डाव्या कुशीवर होते. दोन गुडघ्यांच्या मधे उशी, कमरेमागे शेकायची पिशवी, तिचा तो तापलेल्या रबराचा वास. आणि मी हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आवाज अजिबात न चोरता.

दारात मुलगा येऊन उभा राहिला. चेहरा फुललेला. "आई, आज दुखत नाहीये ना?"

"दुखतंय रे," मी म्हटलं. हसू अजून ओठांवर होतं, आणि हात कमरेकडे गेलाही होता.

"हं," तो म्हणाला. क्षणभर तसाच थांबला आणि दार हलकेच ओढून घेऊन गेला. ताई तिकडून विचारत होती, "काय गं, काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." तिने गोष्ट शेवटापर्यंत नेली, मीही ऐकली, पण माझं हसणं मघाशीच संपलं होतं.

मी खोटं बोलले नव्हते. कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली चकती सरकली त्याला नऊ वर्षं झाली. उजव्या बाजूने निघून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरणारी कळ तेव्हापासून माझ्यासोबत आहे. कधी ती नुसती कुरकुरते, कधी तापलेली तार ओढावी तशी सरसरत खाली जाते. त्या संध्याकाळीही ती होती, मध्यम, ओळखीची. म्हणजे उत्तर खरंच होतं. पण ते इतक्या घाईने का आलं? चोरी करताना कुणी पकडावं तशी मी दचकले होते. मुलाने काही आरोप केला नव्हता, तो तर खूश होऊन विचारत होता, आणि मी त्याच्या पुढ्यात पुरावा टाकावा तशी कमर धरून दाखवली. दोन दिवस गेले, आठवडा गेला, तरी त्याचं ते "हं" माझ्या कानातून जाईना.

ही सवय मला कुठून लागली, ते मला माहीत आहे.

पहिल्या वर्षी लोक आवर्जून विचारपूस करायचे. हाताला प्लास्टर असलं, कपाळाला पट्टी असली, की आपल्याला काही सांगावं लागत नाही. बघणारा आपणहून खुर्ची पुढे सरकवतो. पाठीवर काहीच दिसत नाही. वाढवून घेतलेली रजा संपवून मी ऑफिसात परत गेले, आणि तिसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी निरोप समारंभात एका गमतीवर खळखळून हसले. बाजूची सहकारी म्हणाली, "अरे वा, आता अगदी ठणठणीत दिसतेस!" तिच्या मनात काही नसेलही. पण त्या दुपारी दोन तासांच्या मीटिंगला "मला बसवत नाही" हे माझ्या तोंडून निघालं नाही, कारण सकाळी सगळ्यांनी मला हसताना पाहिलं होतं. रात्री पाय गादीला टेकवत नव्हता. त्या रात्री माझ्या मनाने एक हिशेब कायमचा लिहून ठेवला असावा: हसलं की दुखण्यावरचा हक्क गेला. मग मी चेहरा सांभाळायला लागले. चारचौघांत असताना हसू आलं तर ते अर्ध्यावर थांबवायचं, उठताना हात टेकायचाच, नको असला तरी टेकायचा. ढोंग करत होते असं कुणी म्हणालं असतं तर मी तुटून पडले असते, कारण दुखणं शंभर टक्के खरं होतं. पण खरं दुखणं कुणाला खरं वाटावं म्हणून अंगावर वागवायचा तो जो एक जादा थर होता, तो मात्र मी चढवलेला होता, आणि त्याचं ओझं दुखण्याहून कमी नव्हतं.

एका डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून म्हटलं होतं, "एवढं दुखावं असं यात काही दिसत नाही." त्यांचं नाव मी घेणार नाही. पुढे वाचलं तेव्हा कळलं, की फिल्मचं आणि वेदनेचं गणित असं सरळ जुळतच नाही. ज्यांची पाठ कधीही दुखलेली नाही अशा कितीतरी लोकांच्या एमआरआयमध्ये चकती फुगलेली सापडते, वय वाढेल तसं तर सर्रास. आणि काही जण तळमळत असतात, त्यांची फिल्म मात्र जवळजवळ स्वच्छ असते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. तिने १९७९ साली केलेली वेदनेची व्याख्या २०२० मध्ये पुन्हा लिहून काढली. त्या व्याख्येत वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचा, दोन्हींचा अप्रिय अनुभव मानला आहे, आणि सोबतच्या टिपांत म्हटलं आहे, की माणूस दुखतंय असं सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखला पाहिजे. ही ओळ मी रात्री उशिरा, खोलीतला दिवा मालवून, मोबाईलच्या उजेडात वाचली आणि कितीतरी वेळ रडले. कुणीतरी, कुठेतरी, इतक्या साध्या शब्दांत हे लिहून ठेवलं होतं. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकलेलं दुखणं वेगळं धरतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात त्याला स्वतःची जागा मिळाली आहे, दर पाच प्रौढांमागे एखाद्याला तरी ते असतं, हेही त्याच सुमारास वाचलं. पण त्या आकड्यांनी मला रडवलं नाही. त्या एका ओळीने रडवलं.

मग वाटायला लागलं, आपण नेमकं काय सांगत असतो? शून्य ते दहामधला एक आकडा. "आज किती?" "सहा." सहा म्हणजे काय? मेलझॅक नावाच्या मानसशास्त्रज्ञालाही हा प्रश्न पडला असणार. त्याने १९७५ मध्ये वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात आकड्यांच्या जोडीला शब्द होते. रुग्ण वापरतात त्या विशेषणांतले अठ्ठ्याहत्तर शब्द, वीस गटांत लावलेले. मी एका दुपारी पडल्या पडल्या मराठीतले शब्द मोजायला घेतले. कळ, चमक, सणक, ठणका, शूळ. ठुसठुस आणि ठसठस, या दोन्हींत फरक आहे. ठसठस आतून नाडीसारखी उडते. रग लागते ती वेगळी, पेटका येतो तो वेगळा. चुणचुण, चरचर, भगभग, आग. हुळहुळणं, म्हणजे नुसता कपड्याचा स्पर्श नको होणं. सलणं, खुपणं, बोचणं. अंग मोडून येणं. अवघडणं, आखडणं, भरून येणं. लिहिता लिहिता मी सावरून बसले. गेली कित्येक वर्षं जिला मी "ते" म्हणत होते, तिला इतकी नावं होती, आणि प्रत्येक नावासरशी ती जरा लहान होत होती. सकाळची आखडलेली कंबर आणि रात्रीची पोटरीतली भगभग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं. आणि एक गोष्ट मनात रुतून बसली. दुखणं आणि दुःख हे आपल्याकडे एकाच मुळाचे शब्द आहेत. गुडघा दुखतो आणि मनही दुखावतं. शरीराचं वेगळं, मनाचं वेगळं अशी भिंत या भाषेने कधी घातलीच नाही.

ती भिंत माझ्या डोक्यात मात्र पक्की होती. म्हणूनच डॉक्टरांनी (हे दुसरे डॉक्टर, ज्यांच्याकडे मी अजून जाते) रात्री घ्यायची एक छोटी गोळी लिहून दिली आणि मी घरी येऊन तिची माहिती शोधली, तेव्हा मला भडभडून आलं. अमिट्रिप्टिलिन. नैराश्यावरचं औषध. म्हणजे यांनाही वाटतंय की हे सगळं माझ्या मनाचे खेळ आहेत! आठ दिवस मी गोळी घेतली नाही. पुढच्या भेटीला रागातच गेले. त्यांनी मला बोलू दिलं, मग कागदावर एक पाठीचा कणा काढला. म्हणाले, पायातून वर येणारा निरोप मेंदूत पोचायच्या आधी कण्यात गाळला जातो. मेंदूतूनही खाली रस्ते येतात, तो निरोप दाबणारे किंवा वाढवणारे. त्या रस्त्यांवर जी रसायनं काम करतात त्यांतली काही तीच आहेत, जी मनाच्या उभारीशी जोडलेली आहेत. म्हणून हे औषध नैराश्याला देतात त्याहून बरंच कमी मात्रेत वेदनेला देतात, आणि नैराश्य नसलेल्यालाही देतात. "तुमचं दुखणं मनात आहे असं मी म्हणत नाही," ते म्हणाले, "ते मज्जासंस्थेत आहे. मनही तिथेच राहतं."

त्या कागदाची घडी माझ्याकडे अजून आहे.

सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने वेदनेचं चित्र असं रंगवलं होतं: पायाला चटका बसतो, आत दोरी ओढली जाते, मेंदूत घंटा वाजते. जितकी जोरात ओढ, तितका मोठा आवाज. आपण सगळे अजून मनातून हेच धरून चालतो. १९६५ साली त्याच मेलझॅकने आणि पॅट्रिक वॉल या मज्जाशास्त्रज्ञाने म्हटलं, की वाटेत, कण्यामध्ये, एक फाटक आहे. ते सताड उघडं असतं किंवा बरंचसं लोटलेलं असतं, आणि ते लोटायला दोन्हीकडून हात लागतात. कोपर दाराला आपटलं की आपण कळायच्या आत चोळायला लागतो. चोळण्याची संवेदना खालून फाटक लोटते. वरून मेंदू लोटतो. कशाकडे लक्ष आहे, भीती किती आहे, झोप झाली आहे की नाही, या सगळ्याचा हात त्या फाटकाला लागतो. त्यांच्या मांडणीतले बारकावे पुढे बदलले, पण दोरी आणि घंटेचं ते सोपं चित्र कायमचं मोडलं. ताईच्या फोनवर मी हसत होते तेव्हा फाटक कुणीतरी थोडं पुढे लोटलं होतं. दुखणं खोटं ठरलं नव्हतं. ते फाटकापलीकडे उभं होतं.

हे सगळं समजलं म्हणून मन लगेच वर आलं असं मात्र झालं नाही. समजणं आणि उमटणं यांत फार अंतर असतं. चौथं-पाचवं वर्ष माझं फार वाईट गेलं. दुखण्यापेक्षाही त्या दुखण्याला शेवट नाही, ही जाणीव जड होती. खिडकीतून उजेड आत यायचा, भिंतीवर सरकत सरकत जायचा, आणि मी त्याच्याकडे बघत पडलेली असायचे. कोपऱ्यातल्या कपाटाच्या कडीवर तो पोचला की दुपार, छताजवळ गेला की संध्याकाळ. मैत्रिणींचे मेसेज उघडायचेही कष्ट वाटायचे. रात्री झोपताना वाटायचं, सकाळी जागच आली नाही तर बरं. हे वाक्य मी कितीतरी महिने कुणाला सांगितलं नाही. शेवटी त्याच डॉक्टरांना सांगितलं, त्याच शब्दांत, फिरवून न बोलता. त्यांनी ते शांतपणे ऐकलं, नेमके प्रश्न विचारले, मला समुपदेशकाकडे पाठवलं आणि घरातल्या माणसांनाही बोलावून घेतलं. तुमच्यापैकी कुणाला असं वाटत असेल तर एवढंच सांगते, की ते वाक्य आत ठेवू नका. ते मोठ्याने बोलल्यावर माझ्या छातीवरचा भार त्याच दिवशी थोडा हलला होता.

मन वर आलं ते फार वेगळ्या बाजूने. मी समजत होते, आधी दुखणं कमी होईल, मग बरं वाटेल, मग मी काहीतरी करेन. फिजिओथेरपिस्ट बाईंनी हा क्रम उलटा केला. त्यांनी मला आधी एका आठवड्याची नोंद ठेवायला लावली: खुर्चीत बसल्यावर असह्य व्हायला किती मिनिटं लागतात? कधी नऊ, कधी अठरा, सरासरी पंधरा. "मग तुम्ही बारा मिनिटं बसायचं," त्या म्हणाल्या. "चांगल्या दिवशीही बाराच. वाईट दिवशीही, जमेल तिथपर्यंत, बारा. दुखायला लागलं की थांबायचं असं नाही. घड्याळ वाजलं की थांबायचं." मला ते यांत्रिक वाटलं. माझी रीत अशी होती, की बरं वाटलं की कपाटं आवरायची, फरशी पुसायची, राहिलेलं सगळं एका दिवसात उरकायचं, आणि मग तीन दिवस आडवं पडायचं. त्या म्हणाल्या, यात तुमचं शरीर एकच गोष्ट शिकतं: काम केलं की शिक्षा होते. १९७० च्या दशकात विल्बर्ट फोर्डाइस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हे आग्रहाने मांडलं होतं, की विश्रांती आणि औषध दुखण्याच्या इशाऱ्यावर न देता वेळेच्या इशाऱ्यावर द्यावं. दुखणं मालक आहे आणि आपण त्याच्या घंटीवर धावतो, ही घडण मोडावी म्हणून.

बारा मिनिटांत करायचं काय, हा प्रश्न होता. कपाटाच्या तळाशी कॉलेजात असतानाचं सुलेखनाचं, कटनिबचं पेन सापडलं. निबवर वाळलेल्या शाईचा पापुद्रा होता. कोमट पाण्यात बुडवून ठेवलं तर पाण्यात निळा धूर सुटावा तशी शाई उतरत गेली, आणि मी ते बघत उभी राहिले. एरवी मी दोन मिनिटं एका जागी उभी राहत नाही. टेबलावर तिरकी फळी, कागद, घड्याळ बारा मिनिटांवर. पहिल्या दिवशी नुसता 'ग' काढला. उभा दांडा, डावीकडचा वळसा, वर रेघ. निब कागदावर सरकताना एक बारीक खरखर होते, आणि वळणावर, जाड रेघेची बारीक होते तिथे, ती खरखर क्षणभर थांबते. तिथे हात कापला तर रेघ फाटते. त्यामुळे त्या वळणावर श्वास आपोआप रोखला जातो आणि रेघ पार झाली की सुटतो. कागदभर 'ग' झाले. घड्याळ वाजलं तेव्हा पोटरीत भगभग होतीच, पण ती मला तेव्हा पुन्हा आठवली. आठवली, हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. म्हणजे मधल्या काही मिनिटांत ती कुठेतरी बाजूला बसून होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा मिनिटं. दोन आठवड्यांनी तेरा. आज मी पस्तीस मिनिटं बसते. 'ज्ञ' मला अजून मनासारखा जमत नाही; त्याच्या गाठीत शाई साचते. पण उद्या तो पुन्हा काढायचा आहे, ही गोष्ट सकाळी उठताना मनात असते. पूर्वी उठताना मनात फक्त एक प्रश्न असायचा, आज किती दुखेल. त्या प्रश्नाशेजारी आता अक्षर येऊन बसलं आहे, एवढाच फरक झाला. मला तो खूप वाटतो.

"सकारात्मक राहा" असं सांगणाऱ्यांवर माझा राग आहे, आणि तो मी लपवत नाही. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण ऐकणाऱ्याच्या वाट्याला दुहेरी अपयश येतं: अंगही दुखतंय, वर हसतमुख राहायलाही जमत नाही. मनाला असं हुकमाने उभं करता येत नाही. त्याला फार तर बसायला जागा करून देता येते, म्हणजे ते येईल तेव्हा येईल. खिडकीजवळची खुर्ची, धुतलेलं पेन, ताईचा फोन, झोपेच्या आधी मोबाईल बाजूला ठेवणं, दहा पावलं का होईना पण अंगणापर्यंत जाणं, ही सगळी अशी जागा करणं आहे. काही दिवस जागा करूनही कुणी येत नाही. तसे दिवस असतात. दुखणं उसळतं, पाय टेकवत नाही, आणि त्या दिवशी मला वाटतं की हे सगळं मी स्वतःची समजूत घालायला रचलेलं होतं. त्या दिवसांसाठी मी एका बऱ्या दिवशी, माझ्याच साध्या अक्षरात, एक कागद लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. त्यावर लिहिलंय: "मागच्या वेळी असंच वाटलं होतं. पाचव्या दिवशी उतरलं. आज बारा नको, तीन मिनिटं पुरे. शेक. ताईला फोन कर, बोलायला नाही जमलं तरी तिला बोलू दे." वाईट दिवशी दुसऱ्या कुणाचं मला पटत नाही. माझ्याच हस्ताक्षराचं पटतं.

आणि ती वही. नऊ वर्षांतली बरीच वर्षं मी दिवसातून तीन वेळा वेदनेचा आकडा लिहीत आले. समुपदेशक म्हणाल्या, आकड्याच्या शेजारी त्या वेळी काय करत होता तेही लिहा, आणि मनाला कसं होतं ते एका शब्दात. तीन महिन्यांनी पानं उलटली तर पूर्वीचं माझं गृहीतक तिथेच मोडून पडलं. एका पानावर होतं: सहा, भाचीशी गप्पा, छान. त्याच आठवड्यात: चार, काही नाही, काळोख. चारपेक्षा सहा जास्त, म्हणजे सहाचा दिवस वाईट असायला हवा होता. तसं नव्हतं. दोन रकाने एकमेकांना टेकून चालत होते खरे, दुखणं फार वाढलं की मन खचायचं, मन खचलं की दुखणं चढायचं; पण ते एक नव्हते. मधे फट होती. इतकी वर्षं मी मनाला दुखण्याच्या रांगेत मागे उभं करून ठेवलं होतं, की याचं झालं की तुझं.

हे वहीत दिसलं, पटलंही, आणि तरी मुलाने विचारल्यावर माझा हात कमरेकडे गेलाच. म्हणून ते इतकं लागलं असावं.

त्याच्याबद्दल मी पूर्वी इतका विचार केला नव्हता, हे लिहिताना घसा दाटतो. माझं दुखणं सुरू झालं तेव्हा तो सात वर्षांचा होता, आज सोळाचा आहे. त्याचं सगळं बालपण माझ्या पाठीभोवती गेलं. मला उचलून घेता येत नाही हे त्याने फार लवकर मान्य केलं. हात वर करून उभं राहायचं त्याने आपणहून सोडून दिलं, आणि ते त्याने कधी सोडलं हे माझ्या लक्षातही आलं नाही. तो माझ्या पावलांचा आवाज ओळखतो. उजवं पाऊल घासत आलं तर टीव्हीचा आवाज कमी करतो, दोन्ही पावलं सारखी पडली तर काहीतरी मागायला येतो. शाळेतली भांडणं, पडलेले मार्क, हे सगळं त्याने माझ्या बऱ्या दिवसांसाठी साठवून ठेवलं. माझा चेहरा वाचण्यात तो इतका तरबेज झाला आहे, की त्याच्या वयाच्या मुलाने ते शिकायला नको होतं. त्या संध्याकाळी त्याला भिंतीपलीकडून माझं पूर्ण मोकळं हसणं ऐकू आलं. पळत आला असणार, त्याला धाप लागली होती. त्याला माझ्याकडून पुरावा नको होता, त्याला सुट्टी हवी होती. आज आईकडे लक्ष ठेवायला नको, आज मीही नुसता मुलगा होतो, अशी एका संध्याकाळची सुट्टी. आणि मी ती "दुखतंय रे" म्हणून परत घेतली.

मी खोटं बोलून "नाही रे, मुळीच नाही" म्हणायला हवं होतं का, यावर मी खूप विचार केला. तेही मला पटत नाही. त्याला खोटं लगेच कळतं, आणि मग हसण्यावरचाही विश्वास जाईल. दुखत नाही असं म्हटलं तर दुखणं एकटं पडतं, आणि फक्त दुखतं एवढंच म्हटलं तर हसणं.

परवा पुन्हा ताईचा फोन आला. चपला अखेर कुठे सापडल्या होत्या हे तिला आईच्या एका जुन्या पत्रात मिळालं होतं, आणि ते वाचून दाखवताना तिचं वाक्य पाच वेळा अर्ध्यावर राहिलं. मी टेबलाशी होते, निब हातात, कागदावर अर्धा 'ज्ञ'. हसताना हात हलला आणि शाईचा एक मोठा थेंब थेट गाठीवर पडला. पोटरी जळत होती. दारात पावलं वाजली आणि थांबली. तो आत आला नाही. उंबऱ्याशीच उभा राहून माझ्याकडे बघत होता, आणि या वेळी त्याने काहीच विचारलं नाही.

"दुखतंय," मी म्हटलं. "आणि इकडे ये आधी, मावशी काय सांगतेय ते ऐक." फोन स्पीकरवर टाकला. तो येऊन पलंगाच्या कडेवर टेकला. ताईने पहिल्यापासून सुरुवात केली, चारही वळणं घेतली, आणि चपला आजोबांच्या छत्रीच्या पिशवीत तीन वर्षं पडून होत्या, म्हणजे ते रोज त्या खांद्याला लावून कामावर नेत होते आणि परत आणत होते, इथे ती पोचली तेव्हा तो मागे गादीवर कोसळून हसत होता, पाय झाडत, लहानपणी हसायचा तसा. मी घड्याळाकडे पाहिलं. ते केव्हाच वाजून गेलं होतं. मी सावकाश उठले, त्याच्या शेजारी आडवी झाले, आणि त्याने हसत हसतच, न सांगता, उशी माझ्या गुडघ्यांच्या मधे सरकवली.